सिम्पथेटिक नसा (शरीराला सावध करणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या नसा) हृदयाला कशा पळवतात, घरीच नाडीवर बघा

आधी ५ मिनिटं शांत आडवं पडा, मग मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवून पूर्ण १ मिनिट नाडी मोजा आणि लिहून ठेवा. आता उठून उभं राहा आणि लगेच परत मोजा. साधारण १० ते २० ठोके वाढलेले दिसतील. का वाढले? उभं राहिलं की अर्धा लिटरहून जास्त रक्त पायाकडे, पोटाकडे उतरतं, मेंदूला हे काही सेकंदात कळतं आणि पाठीच्या कण्यातून छातीच्या वरच्या भागातल्या सिम्पथेटिक नसांना निरोप जातो, तिथून मानेजवळच्या गँगलियामधून (नसांच्या गाठींमधून) तो हृदयापर्यंत पोचतो आणि नसांच्या टोकाला नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं, मग ठोके वाढतात आणि आकुंचन पण जोरात होतं.

उभं राहून चक्कर आली तर लगेच बसा. उभं राहिल्यावर १० मिनिटांत नाडी ३० ठोक्यांनी किंवा जास्त वाढून तशीच राहत असेल तर डॉक्टरना आकडे दाखवा.

घरात जुना डायबेटिस असेल तर हे नक्की वाचा, हृदयाच्या दुखण्याचा निरोप पण याच नसांसोबत वर जातो, त्या खराब झाल्या की अटॅक येऊनही कधीकधी छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, तेव्हा अॅसिडिटी समजून थांबू नका प्लीज.

हार्ट फेल्युअरमध्ये (हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडते तेव्हा) या नसा सतत जोर लावत राहतात आणि हृदय अजून थकतं, म्हणून या नसांचा हृदयावरचा जोर कमी करणारं बीटा ब्लॉकर हे औषध देतात, ती गोळी मनाने अचानक बंद करू नका.