नदीतला दुर्मीळ मासा कसा शोधावा आणि कसा ओळखावा

दुर्मीळ माशाच्या सर्वेक्षणात हाती आलेला जीव काही मिनिटांत पाण्यात परत जातो, जायलाच हवा. म्हणून सगळी तयारी एकाच हिशोबाने करावी: मासा निघून गेल्यावरही दुसऱ्या जाणकाराला आपली ओळख तपासता आली पाहिजे. "हाच तो मासा, मी पाहिला" एवढ्यावर कुठलीही नोंद टिकत नाही.

निघण्यापूर्वी

मत्स्यव्यवसाय खात्याची आणि संरक्षित क्षेत्र असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घ्या. त्या नदीतून आजवर नोंदलेल्या सगळ्या माशांची यादी करा. आपल्या माशाशी गल्लत होऊ शकेल अशा जाती वेगळ्या काढा आणि त्यांच्यातला फरक कोणत्या खुणेवर ठरतो ते एका कागदावर लिहून ठेवा. पाण्यात उभे राहून पुस्तक चाळायला वेळ मिळत नाही.

नदीकाठच्या मासेमारांशी बोलताना फोटो दाखवा, पण त्यात त्या नदीत नसलेल्या एकदोन माशांचेही फोटो मिसळा. जो माणूस त्यांनाही "हो, मिळतो" म्हणतो, त्याची बाकीची माहिती जपून वापरावी. फोटो दाखवण्याआधी स्थानिक नाव विचारा. एकाच नावाखाली दोन जाती किंवा एकाच जातीला पिल्लू आणि मोठा अशी दोन नावे, हे नेहमीचे आहे.

जागा आणि फेऱ्या

पाहणीचा टप्पा पाण्याच्या सरासरी रुंदीच्या सुमारे 40 पट लांब घ्यावा; ओढा लहान असला तरी 150 मीटरपेक्षा कमी नको. त्यात डोह, खळाळ, कपारी, झाडांच्या मुळांखालची जागा असे सगळे यायला हवे. फक्त सोयीच्या उथळ जागी जाळे टाकले तर सोयीचेच मासे मिळतात.

मासा दिसला नाही याचा अर्थ तो नाही, असा होत नाही. एका फेरीत दिसण्याची शक्यता 30 टक्के असेल, तर तीन फेऱ्यांनंतरही, मासा तिथे असूनही, नजरेतून सुटण्याची शक्यता 34 टक्के उरते. ती 5 टक्क्यांखाली आणायला नऊ फेऱ्या लागतात. म्हणून रिकामी फेरीही तितकीच काटेकोर लिहा: किती वेळ, किती माणसे, कोणते जाळे, पाण्याचे तापमान, गढूळपणा.

आधी न पकडता शोधा

पाण्यात पाय घालण्यापूर्वी पाण्याचे नमुने घ्या. माशाच्या त्वचेतून, विष्ठेतून सुटलेला डीएनए पाण्यात असतो. प्रत्येक ठिकाणी एकेक लिटरचे तीन नमुने, नवे हातमोजे, 0.45 मायक्रॉनचा फिल्टर. पाणी गढूळ असेल तर फिल्टर लगेच तुंबतो. मग मोठ्या छिद्रांचा वापरा आणि खरोखर किती पाणी गाळले ते लिहा. कामाची सुरुवात प्रवाहाच्या खालच्या टोकाकडून करा, नाहीतर आपल्याच बुटांना लागलेला डीएनए पुढच्या नमुन्यात उतरतो. सोबत नेलेले शुद्ध पाणीही त्याच पद्धतीने गाळा. त्यात माशाचा डीएनए निघाला तर कुठेतरी भेसळ झाली आहे.

या चाचणीतून संख्या, वय किंवा तो जीव नेमका कुठे आहे हे कळत नाही. डीएनए प्रवाहाबरोबर बराच खाली वाहून येतो.

नंतर काठावरून आणि पाण्याखालच्या कॅमेऱ्याने पाहणी करा. जाळे शेवटी. ओढजाळे किंवा हातजाळे, बिनगाठीचे, बारीक डोळ्याचे. माशाचे कल्ले अडकवणारी उभी जाळी दुर्मीळ माशासाठी वापरू नयेत, त्यात मासा गुदमरतो. विजेचा धक्का देऊन पकडण्याचे काम प्रशिक्षित माणसाशिवाय करूच नये. माशाचा कणा मोडू शकतो आणि माणसाचा जीवही जाऊ शकतो. काम पहाटे करा. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. तो लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्या दिवशी जाळे टाकू नका.

हाती आल्यावर

हात ओले हवेत. मच्छर पळवणारे मलम किंवा सनस्क्रीन हाताला नको. कोरड्या हाताने त्वचेवरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त पाण्याबाहेर धरू नका. अरुंद काचपेटीत नदीचे पाणी घेऊन त्यातच फोटो काढा. पहिला फोटो लगेच घ्या, कारण घाबरलेल्या माशाचा रंग मिनिटाभरात फिका पडतो. मग डावी बाजू पर पसरलेले आणि मोजपट्टीसह, वरून डोके, खालून तोंड, आणि पाठीवरच्या पराचा जवळून फोटो.

ओळख

रंगावर कधीही विसंबू नका. पुढे दिलेल्या खुणा बघा:

- प्रमाण लांबी: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत. शेपटी हलकेच वाकवली की तिथे घडी पडते, तोच बिंदू.
- पार्श्वरेखेवरचे (अंगाच्या बाजूने लांबीभर जाणाऱ्या रेषेवरचे) खवले: खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत. फोटोवरून दोनदा मोजा.
- मिशांच्या जोड्या, आणि तोंड पुढे आहे की खाली.
- पाठीच्या पराचा शेवटचा फांदी न फुटलेला किरण (पराला आधार देणारी काडी): गुळगुळीत की करवतीसारखा. कार्प कुळात बऱ्याच वेळा इथेच निकाल लागतो.
- शेवटचे दोन किरण एकाच मुळातून निघत असतील तर ते एकच धरायचे. इथली चूक फार होते आणि मग संख्या कुठल्याच वर्णनाशी जुळत नाही.

महसीर या कार्प कुळातल्या माशाच्या जाड ओठांवरून जात ठरवू नये, एकाच जातीत ओठ बदलतात. कावेरीतला कुबडा महसीर गळवाल्यांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. तरी तो 2007 मध्ये टॉर रेमादेवी या शास्त्रीय नावाने वर्णिलेलाच मासा आहे हे 2018 मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. नाव निश्चित नसलेल्या माशाला संरक्षण मिळवून देणे फार अवघड असते, म्हणून मोजमापांचा एवढा आग्रह.

शंका उरली, आणि परवानगीत तरतूद असेल, तर शेपटीच्या पराचा 2-3 मिलिमीटरचा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मालिनमध्ये नको, त्याने डीएनए खराब होतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आत टाका. पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. संकर ओळखायचा असेल तर नेहमीची बारकोड चाचणी (डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून जात ओळखणारी) पुरत नाही, ती फक्त आईकडची बाजू दाखवते.

सोडताना आणि नंतर

मासा संथ पाण्यात, तोंड प्रवाहाकडे करून, स्वतःहून निघेपर्यंत धरा. अचूक अक्षांश-रेखांश परवानगी देणाऱ्या खात्याकडेच द्या. जाहीर करताना ते 0.1 अंशापर्यंत गोल करा, म्हणजे जागा साधारण 11 किलोमीटरच्या पट्ट्यात लपते. फोटोतल्या फाइलमध्ये जीपीएस नोंद राहिली असेल तर तीही काढून टाका. दुसऱ्या नदीवर जाण्याआधी जाळी, बूट आणि बादल्या धुऊन किमान 48 तास कडक वाळवा, म्हणजे एका नदीतला रोग दुसरीत जाणार नाही.