पिसाचे दोनच वेढे: पार्ट्रिज अँड ऑरेंज

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या नद्यांवर ट्राउट मासा धरायचा म्हटलं की मी सगळ्यात आधी पार्ट्रिज अँड ऑरेंज हा फ्लाय, म्हणजे गळावर पीस आणि रेशीम गुंडाळून केलेला नकली किडा, बांधते. टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये इथल्या फ्लायांचा संग्रह छापला, त्यातही तो आहे. सामान थोडंच लागतं: १४ नंबरचा गळ, नारिंगी रेशीम आणि करड्या पार्ट्रिजच्या (तितराच्या जातीचा पक्षी) पाठीवरचं तपकिरी, ठिपकेदार पीस. पिअर्सल कंपनीचं गॉसमर नावाचं बारीक रेशीम आता बनत नाही, पण तितकंच बारीक खरं रेशीम शोधा. नायलॉन नको. रेशीम भिजलं की गडद होतं, आणि तोच रंग आपल्याला हवा असतो.

पीस निवडायला घाई करू नका. तंतू गळाच्या वाकापर्यंत पोचतील एवढेच लांब हवेत. बुडाची लव काढून टाका. मी एका बाजूचे तंतूही सोलून काढते.

रेशमाला मेण लावा आणि गळाच्या नेढ्यामागे जराशी जागा सोडून सुरुवात करा. पीस देठाकडून बांधा; त्याचं टोक नेढ्याच्या पुढे राहू द्या. आता रेशीम वेढ्याला वेढा लावत मागे न्या. गळाच्या टोकाच्या बरोबर वर आलात की थांबा, वाकावर उतरू नका. तसंच परत या, पण पिसाच्या किंचित मागेच थांबा.

मग पिसाचे वेढे, नेढ्याकडून मागे, दोनच. वाइसमध्ये (गळ धरून ठेवणाऱ्या चिमट्यात) फ्लाय उघडाबोडका दिसतो आणि तिसऱ्या वेढ्याचा मोह होतो. तो आवराच! दाट पीस पाण्यात गठ्ठा होऊन बसतं. विरळ तंतू प्रवाहात एकेक हलतात, आणि पृष्ठभागाकडे धडपडत निघालेल्या किड्याचे पाय हलताहेत असंच माशाला वाटतं. या फ्लायचा सगळा जीव त्या हालचालीत आहे.

पिसाचं टोक रेशमाने पकडा. रेशीम हलवत हलवत तंतूंमधून नेढ्याकडे आणा, म्हणजे तंतू दबत नाहीत आणि देठही घट्ट बसतो. उरलेलं टोक कापा, व्हिप फिनिशची, म्हणजे रेशमाचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली दाबून टाकणारी गाठ मारा. डोकं बारीक राहू द्या.

पाण्यात उतरल्यावर फेक छोटी ठेवा, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, आणि फ्लाय पृष्ठभागाच्या जरा खालून मोकळा वाहत येऊ द्या. दोर ताणून धरलात तर तंतू मिटतात.

हा हाताला बसला की स्नाइप अँड पर्पल हा फ्लाय घ्या: रेशीम जांभळं, पीस स्नाइप या पाणथळीतल्या पक्ष्याच्या पंखावरचं गडद, वेढे तेवढेच.