ज्येष्ठांसाठी पोपटी: पूर्वतयारीची यादी

रायगड जिल्ह्यात भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर पेरलेला वाल जानेवारीत शेंगांनी भरू लागला, की अलिबाग, पेण, रोहा या भागांत पोपटीचे, म्हणजे शेंगा, कंद, अंडी, चिकन पाल्यासह मडक्यात भरून जाळात भाजण्याचे, बेत सुरू होतात. एरवी पोपटी ही तरुण मंडळींची रात्रीची बैठक असते. मडके नऊला लागते, दहाच्या पुढे उघडते आणि घाई कोणालाच नसते. गावातील ज्येष्ठांना जेवायला बोलावायचे असेल, तर हे वेळापत्रक पूर्णपणे बदलावे लागते. साडेचारला जाळ, सहाला जेवण आणि आठच्या आत सर्वजण घरी, असा क्रम आधी ठरवून बाकीची तयारी त्याला धरून करावी. पुढील मापे सुमारे ५० पाहुणे आणि १५ स्वयंसेवक गृहीत धरून दिली आहेत.

दिवस निवडताना पंचांग पाहावे. संक्रांतीनंतरचा रविवार सोयीचा पडतो, मात्र त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी येत नाही याची खात्री करून घ्यावी, नाहीतर निम्मी मंडळी उपवासाची निघतात.

पोपटी शेतात लावण्याची रीत असली, तरी या वेळी शेताचा मोह आवरावा. अरुंद बांधावरून काठी टेकत चालणे गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमत नाही, आणि शेतात शौचालयही नसते. रस्त्यालगतची वाडी किंवा शाळेचे पटांगण अधिक योग्य. तेथील शौचालयात कमोड नसेल, तर कमोडची खुर्ची आदल्या दिवशीच आणून ठेवावी. पेंढ्याची उडवी, विजेच्या तारा आणि गाड्या यांपासून जाळाची जागा लांब असावी. संध्याकाळी समुद्राकडून येणारा खारा वारा वाहत असतो, म्हणून खुर्च्या जाळाच्या पश्चिमेला मांडाव्यात, म्हणजे धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जाणार नाही. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला की धुराची दिशा फिरते. जेवण लवकर उरकण्याचे हेही एक कारण आहे. दम्याचा त्रास असणाऱ्यांची बसण्याची सोय तरीही सर्वांत लांब करावी. खुर्च्या हातांच्या घ्याव्यात, कारण बिनहाताच्या खुर्चीतून उठताना आधाराला काही मिळत नाही.

आमंत्रण देण्यासाठी फोन न करता घरी जावे आणि जाताना वही न्यावी. शाकाहारी कोण, अंडे चालते कोणाला, मधुमेह आणि रक्तदाब कोणाला आहे, इन्सुलिनची वेळ कोणती, कवळी आहे का, गिळायला त्रास होतो का, आणि घरातील कोणाला फोन करायचा, एवढ्या गोष्टी नावासमोर लिहून घ्याव्यात. जे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांचीही नावे याच वहीत असावीत. पहिले मडके उघडल्यावर त्यांचे डबे सर्वांच्या आधी निघाले पाहिजेत.

सामानात सर्वांत महत्त्वाचा भांबुर्ड्याचा, म्हणजे एका उग्र वासाच्या रानवनस्पतीचा, पाला, कारण पोपटीचा खरा वास त्याचाच असतो. तो त्याच दिवशी सकाळी, फवारणी न झालेल्या जागेवरून आणावा आणि आणायला जाताना एखाद्या जाणत्या आजींना विचारून घ्यावे. तरुणांपैकी अनेकांना तो ओळखता येत नाही, हे मान्य केलेले बरे. शेंगा १५ किलो पुरतात. त्या भरलेल्या, न फुटलेल्या आणि अळी नसलेल्या निवडाव्यात, धुऊन कापडावर पूर्ण कोरड्या कराव्यात. मडक्यात वरून पाणी जाता कामा नये, पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावरच सारे शिजते. बटाटे आणि रताळी प्रत्येकी ६ किलो, अंडी ६० आणि चिकन ६ किलो घ्यावे. चिकनचे तुकडे लहान करून, आले-लसूण व हळद लावून केळीच्या पानात बांधावेत. जाडे मीठ नेहमीच्या निम्मे पुरे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि या वयात तो अधिकच लागू पडतो. ओव्यात मात्र काटकसर नको, कारण वाल वातूळ समजला जातो.

मडकी पाच लागतील आणि एक जादा ठेवावे. विकत घेताना बोटाने वाजवून पाहावीत. बद्द आवाज आला तर तडा आहे असे समजावे. तीन मडकी केवळ शेंगा-कंदांची आणि दोन चिकन-अंड्यांची भरावीत. काजळी धरल्यावर सगळी मडकी सारखीच दिसतात, त्यामुळे खुणेवर विसंबू नये, जाळच दोन ठिकाणी करावेत.

भरण्याचे काम स्वयंसेवकांनी स्वतःकडे ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. एका वर्षी आम्ही सर्व पाहुण्यांना आदराने खुर्च्यांवर बसवले आणि स्वतः मडकी भरली. एक आजोबा दोनदा म्हणाले, “पाला कमी पडतोय, पोरांनो.” आम्ही हसून मान डोलावली. मडके फोडले तेव्हा बुडाकडच्या शेंगा कोळशासारख्या निघाल्या, आणि आजोबा काही बोलले नाहीत. तेव्हापासून मडक्यांजवळ चार-पाच खुर्च्या मांडतो. पाला दाबून बसवणे, थर लावणे आणि तोंडाशी बोळा घट्ट करणे ही कामे ज्येष्ठच करतात, आणि वाकण्याचे व जाळाजवळचे काम तेवढे आमच्याकडे असते.

जाळासाठी पेंढा, गोवऱ्या आणि सुकी लाकडे, तर शेजारी पाण्याच्या चार बादल्या आणि रेती हवी. जाळाजवळच्या प्रत्येकाने सुती कपडेच घालावेत. मडके उपडे ठेवून जाळ केल्यावर शेंगांना साधारण अर्धा तास आणि चिकनला चाळीस मिनिटे लागतात. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडावेत. चर्र आवाज होऊन ते क्षणात उडाले, की पोपटी झाली असे जाणकार मानतात. चिकनचा सर्वांत जाड तुकडा मात्र मोडून पाहावा, हाडाजवळ लाली दिसली तर तो वाढू नये. मडके काठीने बाजूला घेऊन दहा मिनिटे तसेच ठेवावे, कारण वाफ हातावर येते. निखारे लगेच विझवावेत.

शेंगा गरम असताना दोन बोटांत दाबल्या, की दाणा अलगद सुटतो. परंतु बोटांत कंप असणाऱ्यांना तेवढेही जमत नाही, म्हणून प्रत्येक पंगतीत सोलून देणारा एक स्वयंसेवक बसवावा. कवळी असणाऱ्यांसाठी रताळे, मऊ भात आणि वरण वेगळे ठेवावे. मधुमेह्यांची पाने आधी मांडावीत. तिळाची वडी मऊ असावी, कडक नको. चिकन उरले तर ते दुसऱ्या दिवसासाठी कोणाला बांधून देऊ नये.

ने-आणीसाठी मिनिडोअर (मोठी तीनचाकी रिक्षा) ठरवल्यास तिच्या उंच पायरीखाली ठेवायला लाकडी पाट सोबत असावा. विजेरी, शाली, साखरेचा डबा आणि प्रथमोपचाराची पेटी एका पिशवीत भरून एकाच व्यक्तीकडे द्यावी, आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असावा. शेवटचे मडके स्वयंसेवकांचे. तथापि ते उघडण्यापूर्वी वहीतल्या प्रत्येक नावासमोर घरी पोहोचल्याची खूण झालेली असावी.