‘पीस’ गुलाब ओळखताना आणि वाढवताना या चुका टाळा

‘पीस’ या हायब्रिड टी (लांब दांड्यावर मोठे, एकेकटे फूल येणाऱ्या प्रकारातल्या) गुलाबाबाबत सर्रास होणारी चूक म्हणजे एकाच फुलाच्या रंगावरून निवाडा करणे. याच्या पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी कड असते खरी. पण कडक उन्हाळ्यात तेच फूल फिकट, जवळजवळ सायीच्या रंगाचे होते आणि जुने होताना गुलाबी छटा पाकळीभर पसरते. पहिल्याच बहरात ‘फसवले’ म्हणून रोप उपटणाऱ्यांची मला कीव येत नाही. गडद गुलाबी रंग आणि तळाशी तांबूस पिवळी झाक सातत्याने दिसली, तर ते ‘पीस’च्याच फांदीवरील नैसर्गिक बदलातून निपजलेले व १९६२ साली बाजारात आलेले ‘शिकागो पीस’ असू शकते. मी आधी पाने पाहतो. ती मोठी, जाड आणि चकचकीत नसतील, तर फुलाची वाटही पाहत नाही.

दुसरी चूक रोपाच्या जिवावर बेतते. एका परिचितांनी मोठ्या कौतुकाने कळवले, की त्यांच्या ‘पीस’ला आता लहान, गर्द लाल फुले येतात. बुंध्याशी चढवलेली माती बोटांनी उकरली, तेव्हा डोळा भरलेल्या, म्हणजे ‘पीस’चे कलम दुसऱ्या गुलाबाच्या मुळावर (खुंटावर) बांधलेल्या जागेवरचे लाकूड काळे पडून वाळलेले होते आणि त्याखालचे खुंटाचे फुटवे मात्र जोमाने वाढले होते. गुलाबाने रंग बदलला नव्हता, ‘डॉ. ह्यूई’सारख्या लाल फुलांच्या खुंटाने कलम मारून टाकले होते. एका पानात सात पर्णिका (छोटी पाने) दिसल्या की फुटवा खुंटाचाच, हा सोपा ठोकताळाही वापरू नये, कारण कलमाच्या फांदीवरही अशी पाने येतात. फुटव्याचा उगम शोधावा आणि तो कात्रीने न कापता मुळाशी धरून ओढून काढावा. कापलेला फुटवा पुन्हा फुटतोच.

फ्रान्सिस मेयाँ यांचा हा गुलाब फ्रान्समध्ये ‘मादाम आ. मेयाँ’, जर्मनीत ‘ग्लोरिया देई’ आणि इटलीत ‘जोया’ म्हणून विकला गेला, त्यामुळे नाव वेगळे दिसले म्हणून तेच रोप दुसऱ्यांदा विकत घेऊ नये.

पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नव्हे. काळ्या ठिपक्यांचा रोग याला लवकर गाठतो. छाटणीत इतर गुलाबांसारखी कात्री सढळ चालवू नये. वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून बाकीच्यांचे फक्त शेंडे खुडावेत, असा माझा शिरस्ता आहे.