अँटिबायोटिकनंतर पोट बिघडलंय? मग या चुका टाळा

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या तोंडावर गोव्यात फोंड्यातल्या आमच्या फार्मसीत दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. पहिली तापाची. "घरात पाहुणे यायचेत, डॉक्टरकडे बसायला वेळ नाही, ती तीन गोळ्यांची अ‍ॅझिथ्रोमायसिन दे." दुसरी बऱ्याचदा तीच माणसं, चार-पाच दिवसांनी: "पोट बिघडलां, कितें तरी दी." चिठ्ठीशिवाय मी देत नाही म्हणून रागावून जातात, आणि कुठून तरी मिळवतातच.

पहिली चूक तापाच्या दिवशीच झालेली असते. पावसातली सर्दी, फ्लू, डेंग्यू हे सगळे विषाणूंचे आजार आहेत. अँटिबायोटिक विषाणूला काही करत नाही, पण आतड्यातल्या जिवाणूंवर मात्र घाव घालतं. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा २०१६ चा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. म्हणून अँटिबायोटिकला घाबरून बसा असंही नाही. शेतात चिखलात उतरलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, आणि तो जिवाणूंचा आजार आहे. तिथे डॉक्टरने दिलेली डॉक्सिसायक्लिन टाळणं जिवावर बेतेल.

दुसरी चूक मला जास्त छळते. अँटिबायोटिकमुळे जुलाब लागले की लोक ते थांबवायला ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल मागतात, म्हणजे आणखी दोन जिवाणूमारक औषधं! आत काय झालंय ते बघा. एरवी न पचलेला तंतू (फायबर) आणि साखर जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यांच्यावर जगतात. हे कामगार मेले की साखर तशीच पडून राहते, पाणी ओढून घेते आणि शौच पातळ होतं. असे साधे जुलाब बहुधा औषध संपल्यावर आपोआप थांबतात. तोवर ओआरएस घ्या, मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज घ्या आणि ज्या डॉक्टरने गोळी दिली त्यांना फोन करा. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, लांबवूही नका.

मात्र शौचात रक्त, ताप, पोटात जोराच्या कळा, किंवा दिवसभर पाण्यासारखे जुलाब असतील तर घरी बसू नका. रिकाम्या झालेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू माजू शकतो, कधीकधी कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही. अशा वेळी लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध घेऊन आतडं बांधून ठेवू नये. घरात असा रुग्ण असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नका. या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, हात साबण-पाण्यानेच धुवायला हवेत.

आता आपला लाडका गैरसमज: "सोलकढी पितो, जिवाणू भरून येतील." सोलकढी मलाही आवडते, पण तिचा आंबटपणा आंबवण्यातून येत नाही, आमसुलातून येतो. पावाच्या पिठातलं यीस्टही भट्टीत मरतं. दही-ताकात जिवंत जिवाणू असतात, पण ते बहुतेक पाहुणेच, फार दिवस टिकत नाहीत. प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत उपयोगी जंतूंच्या पुड्यांनी जुलाब कमी होऊ शकतात, तरी सरसकट घेऊ नका. २०१८ मध्ये इस्रायलमधल्या एका अभ्यासात कोर्सनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट उशीर लागला. अशा पुड्यांतलं सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही, पण प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पोट थाऱ्यावर आलं की मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी), अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), तांबडी भाजी पुन्हा ताटात येऊ द्या. परतणाऱ्या जिवाणूंना खायला तंतूच लागतो.

किरकोळ वाटणाऱ्या काही चुका उरल्या. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन दूध, दही, अ‍ॅन्टासिड वा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका भाजते. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना फेणी नको, संपल्यावरही तीन दिवस नको. चतुर्थीला हा सल्ला कुणालाच आवडत नाही. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी तर कुठलंही अँटिबायोटिक सुरू होताच डॉक्टरांना सांगावं, रक्त जास्त पातळ होऊ शकतं.

आणि स्ट्रिपचा फोटो फोनमध्ये ठेवा, नाव आणि तारखेसकट. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं तर पहिला प्रश्न तोच येतो, कोणतं अँटिबायोटिक घेतलं? "ती पिवळी कॅप्सूल" म्हणून काही कळत नाही. माझ्याच कपाटात पिवळ्या कॅप्सूल डझनभर आहेत.