सीटखालचा खचलेला पत्रा: माझा अनुभव

जुन्या गाडीच्या ड्रायव्हर सीटखालचा पत्रा खचलाय, हे कार्पेट उचलल्यावरच कळलं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आरपार गेला, गंजाचे पापुद्रे खाली पडले. कापायची घाई केली नाही, हे फार बरं झालं. मोनोकॉक गाडीत, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या, बॉडी हाच सांगाडा असलेल्या गाडीत, फ्लोअरही बॉडीचा भार पेलतो. म्हणून आधी दारांच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप टॅक केले (वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडले), बॅटरी काढली, मगच ग्राइंडर लावला. चकचकीत, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत गेलो. नवा १ मिमीचा पत्रा जोडताना सलग वेल्डिंग टाळलं: एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. नाहीतर उष्णतेने तो पापडासारखा वाकतो. मग झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर. पाणी मुरत होतं पुढच्या काचेच्या रबरातून, तेही बदललं.