फिनिक्सवर टीम उभी करताय? जाहिरात टाकण्याआधीची तयारी

नाशकात लॅराव्हेल (पीएचपीचं फ्रेमवर्क), रिॲक्टवाले मिळतात; एलिक्सिर ही भाषा आणि तिच्यावरचं फिनिक्स हे वेब फ्रेमवर्क येणारा मिळणं कठीण. म्हणून ‘फिनिक्सचा 2 वर्षांचा अनुभव’ मागूच नका. कुठल्याही वेब फ्रेमवर्कवर 3 वर्षं काम आणि पोस्टग्रेस या डेटाबेसची पक्की समज पुरे. शिकण्याचे 6 आठवडे पूर्ण पगारी असतील, हेही जाहिरातीत लिहा.

त्याआधी ऑफिसात एक तरी जाणता तयार हवा. आहेत त्यांच्यातल्या एकाला 2 आठवडे मोकळं सोडा आणि लाइव्हव्ह्यूवर (पान रीलोड न करता बदल दाखवणारा फिनिक्सचा भाग) छोटं पान करून घ्या: लासलगावच्या कांदा लिलावासारखं, एका खिडकीत बोली टाकली की दुसरीत भाव तिथल्या तिथे बदलला पाहिजे.

मुलाखतीलाही हेच पान द्या. 3 तास, डॉक्युमेंटेशन उघडं. उमेदवार ‘इफ’च्या आत व्हेरिएबलला नवी किंमत देईल आणि बाहेर जुनीच दिसेल, कारण एलिक्सिरमध्ये आत दिलेली नवी किंमत (बाइंडिंग) बाहेर येत नाही, ‘इफ’चंच उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यावं लागतं. पीएचपीवाले इथे हमखास अडतात. अडू द्या. कारण शोधतो की नुसत्या ओळी खालीवर करतो, ते बघा. आमच्या मते निवड याच्यावरच करावी. दुसरा खड्डा एक्टोचा, म्हणजे एलिक्सिरमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीचा. लॅराव्हेलमध्ये ऑर्डरवरून ग्राहक मागितला की तो आपोआप येतो, एक्टोत प्रीलोड (सोबतचा डेटाही आणा असं) सांगितल्याशिवाय येत नाही.

पुण्याहून घरी परतायला तयार असलेल्यांना जरूर विचारा, पण नोटीस पीरियड 90 दिवसांचा असू शकतो. प्रोजेक्टच्या तारखेपासून तेवढं मागे मोजा. पहिल्या खेपेला तिघांहून जास्त घेऊ नका, कोड रिव्ह्यू करणारा एकटाच असतो. बाहेरचा अनुभवी माणूस आठवड्याला 4 तास मिळाला तर त्याच्याकडून फक्त रिव्ह्यू घ्या.

रुजू होण्याआधी लॅपटॉप लावून ठेवा. एलिक्सिर आणि ओटीपी (एलिक्सिर ज्यावर चालतं तो अर्लांगचा संच), दोन्हींच्या आवृत्त्या प्रोजेक्टमध्येच नोंदवा. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाका. शिकायचे व्हिडिओ स्वतः चालवून बघा. 2023 मध्ये आलेल्या फिनिक्स 1.7 पासून पानांचे पत्ते बनवणाऱ्या जुन्या राउट हेल्परची जागा व्हेरिफाइड राउट्सनी घेतली, त्यामुळे त्याआधीचा धडा नव्या प्रोजेक्टवर अडकतो आणि नवा माणूस स्वतःचीच चूक शोधत बसतो.

तिसरा महिना संपेपर्यंत निदान दोघांना रिलीज एकट्याने चढवता आणि परत मागे घेता आलं पाहिजे.